रेणुकाचं कार्ड

दुबलगुंडी, ता. हुमनाबाद
१४ सप्टेंबर २०२२

रत्नपालअण्णा,
जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. मायनं वाचून दाखवलं. तिची नजर आता कमी झालीय, पण माझी पत्रं ती दुसऱ्या कुणाला वाचू देत नाही. तुम्ही पहिलं मशीन आणलं तेव्हा तिला अक्षर ओळखत नव्हतं. पडद्यावर मी काय लिहिते हे कळावं म्हणून ती चाळिशीला आल्यावर बाराखडी शिकली. अजून तिला पेपरातल्या अक्षरांपेक्षा माझ्या पडद्यावरची चौकोनी अक्षरंच बरी वाचता येतात.

मी बरी आहे. पावसानं तूर पिवळी पडली असं धाकटा भाऊ धनराज म्हणतो. ओसरीवरून मला तूर दिसत नाही, रस्ता दिसतो. रस्त्यावर चिखल आहे.

मागच्या आठवड्यात कलबुर्गीच्या एका शाळेतल्या निलम्मा टीचर परत आल्या होत्या. त्यांच्याकडं माझ्यासारखी मुलं आहेत. हातपाय न ऐकणारी, तोंडातून शब्द न निघणारी. मी पायाच्या अंगठ्यानं कशी लिहिते ते त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मायला म्हणाल्या, एवढं लिहायला लई वेळ लागत असंल. माय म्हणाली, "तिला घाई कुटं हाय?" चहा पिऊन गेल्या.

मशीन अलीकडं चालू होताना कुरकुरतं. पडदा उशिरा उजळतो. त्याचंही वय झालं.

माय बारीक झालीय. विचारलं तर म्हणते, म्हातारी झाले की आता.

तुमच्या कानातलं यंत्र अजून शिट्टी मारतं का?

तुमची,
रेणुका

*

पुणे
२५ सप्टेंबर २०२२

रेणुका,
जय भीम.

यंत्र शिट्टी मारतंच. त्यामुळे फोन उचलणं मी सोडून दिलंय, सूनबाई उचलते. पत्र बरं. पत्र शिट्टी मारत नाही.

मशीनच्या कुरकुरण्याची मला काळजी वाटते. धनराजला सांग, धूळ झाडून घे आणि दिवसातून एकदाच चालू कर. उगाच बंद-चालू करू नको. दिवाळीनंतर मी स्वतः येऊन पाहिलं असतं, पण डॉक्टरांनी उजवा गुडघा बदलायला सांगितलाय. नोव्हेंबरात ऑपरेशन. त्यानंतर महिना-दीड महिना घरातच.

परवा बसल्या बसल्या जुने दिवस आठवत होतो. मी हैदराबादच्या संस्थेत नवा नवा लागलो होतो. परदेशातून देणगी आलेलं ते मशीन कोपऱ्यात पडून होतं. सुट्टीला गावी आलो तर आई म्हणाली, "तू कसल्या मशिनी चालवतोस म्हणं. अप्पारावाची पोर बघ. खुरपताना मी तिच्याशी बोलते, ती डोळ्यानं सगळं समजते. तिच्यासाठी एक मशीन कर की." भागाबाईचा हुकूम. मोडायची हिंमत नव्हती. त्यातून ओळीओळीनं सरकणारा तो उजेड सुचला. हवी ती ओळ उजळली की तू अंगठा दाबायचा, मग ओळीतलं हवं ते अक्षर उजळलं की पुन्हा दाबायचा. अक्षरं ओळखायला लागल्यावर पहिल्याच दिवशी तू काय लिहिलं होतंस ते सांगू? "पाणी नको, चहा." आई मरेपर्यंत ते सगळ्यांना सांगायची.

तुझ्या मायला, सत्यभामाकाकूंना, डॉक्टरकडे ने असं धनराजला माझ्या नावानं सांग.

तुझा,
रत्नपाल

*

हुमनाबाद
५ नोव्हेंबर २०२२

रत्नपालअण्णांना धनराजचा नमस्कार.

माझी शाळा कन्नडात झाली, मराठी लिहायची सवय न्हाई, चुकलं तर समजून घ्या. अक्काचं मशीन दिवाळीच्या पाडव्याला बंद पडलं. आधी पडदा पांढरा झाला, मंग आवाज पण येईना. इथल्या रिपेरवाल्याला दुबलगुंडीला नेलं. त्यानं झाकण काढून बघितलं आन् हसला. म्हणला, असलं मशीन मी जल्मात बघितलं न्हाई, टाकून द्या.

अक्का तवापासून गप हाय. म्हंजे ती गपच असती, पण आता लईच.

अण्णा, एवढं जुनं कामून सांभाळायचं? माझ्या खताच्या दुकानात लॅपटॉप हाय, तसला एक अक्काला आणून देतो. तुमचा प्रोग्रॅम त्यात घालायचा. कसा घालायचा तेवढं लिहा, दुकानातल्या कंप्युटरवाल्याकडून करून घेतो.

माय बरी हाय. घरवाली राजश्री नमस्कार सांगायली.

धनराज

*

पुणे
१२ नोव्हेंबर २०२२

चि. धनराज,
जय भीम.

सगळ्यात आधी हे: त्या पेटीतलं काहीही टाकू नकोस. स्क्रूसुद्धा नाही. रिपेअरवाल्याला परत उघडू देऊ नकोस.

लॅपटॉपमध्ये प्रोग्रॅम का घालता येत नाही ते सांगतो. तो मी एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत पहिल्या मशीनसाठी लिहिला. संगणकाचा मेंदू म्हणजे एक चिप, आणि प्रत्येक प्रकारच्या चिपला फक्त तिचे हुकूम कळतात. एकीचे हुकूम दुसरीला दिले तर ती गोंधळते. सहा वर्षांनी पहिलं मशीन बंद पडलं. तसली मशीनं तोवर निघायची थांबली होती. बाजारात नवी आली होती, त्यांचा मेंदू वेगळा. तू तेव्हा कॉलेजात असशील.

पण त्या वेळी जुने प्रोग्रॅम चालवायला एक कार्ड निघालं होतं. तळहाताएवढी हिरवी पट्टी. तिच्यावर जुन्या मशीनचा मेंदू, त्याची स्मृती, सगळं लहान करून बसवलेलं. नव्या मशीनचं झाकण काढायचं, आतल्या खाचेत ती पट्टी दाबून बसवायची. मग नवं मशीन तिला आपला पडदा वापरायला देतं, आपली डिस्क देतं. हुकूम मात्र पट्टीवरचा जुना मेंदूच पाळतो. आपण दुसऱ्याच्या पेटीत चाललोय हे प्रोग्रॅमला कळतही नाही. त्या कार्डाला मागे शेपटीसारखी केबल आहे, अक्काच्या अंगठ्याखालचं बटण तिलाच जोडलेलं आहे. तुम्ही अठ्ठावीस वर्षं ज्याला अक्काचं मशीन म्हणता ती नुसती पेटी. अक्काचं जे आहे ते त्या पट्टीत आणि डिस्कवर.

म्हणजे पेटी गेली तरी कार्ड गेलं असं नाही. तीस वर्षांत पेटीच्या मुख्य पाटावरचे, म्हणजे मदरबोर्डवरचे, बारीक कपॅसिटर पाझरतात आणि पाट खातात. तुझ्या वर्णनावरून तेच वाटतं.

अडचण अशी, की प्रोग्रॅमची माझ्याकडची फ्लॉपी बुरशी लागून गेली. एकमेव प्रत त्या डिस्कवर आहे. मी लॅपटॉपसाठी पुन्हा नव्यानं लिहायला घेतलंय. पण अक्काचा पाय मधूनच आपोआप झटकतो. झटका कुठला आणि तिनं मनानं दाबलेलं कुठलं, हे मशीनला ओळखता यावं म्हणून ती आणि मी दोन उन्हाळे ओसरीवर बसलो होतो. त्यातून ठरलेले आकडे आता माझ्या लक्षात नाहीत. ते मला नव्यानं शोधावे लागतील, आणि तिच्याशिवाय ते शोधता येत नाहीत.

तरी मार्चपर्यंत काहीतरी उभं करतो. परवा माझं ऑपरेशन आहे. अक्काला हे पत्र पूर्ण वाचून दाखव.

रत्नपाल

*

हुमनाबाद
२ डिसेंबर २०२२

अण्णांना नमस्कार.

तुमचं पत्र अक्काला वाचून दाखवलं. पेटी तशीच झाकून ठेवली हाय.

मी एक टॅबलेट आणला हुता. तो म्हणतो बोट लावा. अक्काचं बोट कुटं लागतंय, हात सगळा उलटा जातो. मंग राजश्रीनं एक सुचवलं. आपण एकेक अक्षर तोंडानं म्हणायचं, अक्काला पाहिजे ते आलं की तिनं पाय हलवायचा. पण पाय आपलाआपण बी हलतो, तुम्ही लिहिलंय तसं. कुटलं खरं आन् कुटलं खोटं काय कळंना. दुपारभर बसून दोन अक्षरं पक्की झाली. क आन् ल. पुढं तिचा पाय लईच झटकायला लागला, घामानं भिजली, बंद केलं.

मी म्हणलो, ल न्हाई, ळ असंल, कळ. अक्काला कुटंतरी कळ यायली. डॉक्टर आणला. त्यानं दुखायची गोळी दिली. अक्का माझ्याकडं नुसती बघत हुती, मंग झोपली.

घरी सगळे बरे हाईत. माय पण बरी हाय. तुम्ही गुडघा सांभाळा, घाई करू नका.

धनराज

*

पुणे
१० डिसेंबर २०२२

रेणुका,
जय भीम.

हे पत्र धनराज तुला वाचून दाखवील. मी काठी घेऊन घरात चालायला लागलोय.

क आणि ल. मी पुष्कळ विचार केला. तुला कळ नसावी. तुला दुखलं तर तू आधी काकूंकडे बघतेस, अक्षरं जुळवत बसत नाहीस. मला वाटतं, तू आपल्याकडच्या दखनी हिंदीतलं 'कल' म्हणत होतीस. उद्या. म्हणजे आज दमले, उद्या करू. बरोबर ना? तसं असेल तर धनराजनं दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायला हवं होतं. त्याला रागावू नकोस, तो मनानं करतोय.

लॅपटॉपवर मला तक्ता आणि सरकता उजेड जमलाय. बटणाचं जमलेलं नाही. माझ्या नातीला पाय झटकायला लावून तपासतो, ती हसते आणि सगळे आकडे चुकतात. तरी काकूंची तब्येत बरी आहे असं धनराज लिहितो, तेव्हा आपल्याला वेळ आहे. मार्चमध्ये मी येतो. धीर धर.

तुझा,
रत्नपाल

*

हुमनाबाद
२८ डिसेंबर २०२२

अण्णा,

हे पत्र ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती देतो, तो सकाळी पुण्यात तुमच्या दारात टाकील. फोन केला हुता. तुमच्या सूनबाईला काय सांगावं सुचंना, ठेवून दिला.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. माय बरी न्हाई. तिच्या यकृताला कॅन्सर हाय. ऑगस्टातच हैदराबादला कळालं. डॉक्टर म्हणले, घरी न्या, खायला घाला, बोला. माय म्हणाली रेणुकाला सांगायचं न्हाई, रत्नपालला तर बिलकुल न्हाई, तो लगेच तिला लिहील. म्हणून मी गप ऱ्हायलो. अक्काला कुणी सांगितलं न्हाई, पण ती मायच्या शेजारी झोपती. तिला सगळ्यांच्या आधी कळलं असंल.

आता माय अंथरुणातून उठंना. तिला आतल्या खोलीत ठेवलंय, अक्काची खाट पण आत घेतली. ती रोज अक्काला एकच विचारायली. "मी गेल्यावर धनराजकडं हुमनाबादला जाशील, बाळा?" अक्का मान वळवती. म्हंजे न्हाई. "मंग हितंच राहशील? कामाला बाई ठेवू?" न्हाई. "राजश्री हितं येऊन ऱ्हाईल. चालंल?" न्हाई. राजश्रीला लई लागलं ते.

परवा माय म्हणाली, "मंग काय, माझ्यासंगं येतीस व्हय?"

अक्का रडायला लागली, अण्णा. आवाज काढून रडायली. मायनं तेच उत्तर धरलं. आता ती गोळ्या घेईना, कुणाशी बोलंना. भिंतीकडं तोंड करून म्हणती, "मी लेकराला संगं घेऊन जायले. कसली माय मी." आन् अक्का घास तोंडात घेईना.

मी दोघींच्या मधी बसून ऱ्हातो. मला काय करावं ते सांगा.

धनराज

*

पुणे
३० डिसेंबर २०२२

धनराज,

त्याच ड्रायव्हरबरोबर हे पत्र परत पाठवतोय. मी येतोय. गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊ दे, सूनबाई गाडी करून देणार आहे.

येताना आधी कलबुर्गीला जाईन. तिथं शिवशंकरप्पा म्हणून माझे जुने स्नेही आहेत, त्यांचा कन्नड छापखाना होता. नव्वदच्या दशकात ते अक्षरजुळणीला अक्काच्या पेटीसारखीच पेटी वापरायचे. सूनबाईनं आत्ता त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आहे की. कापडात गुंडाळून ठेवलीय. दसऱ्याला कुंकू लावतो. चालते का ते मला माहीत नाही, पण घेऊन जा." ती पेटी चालली, तर अक्काचं कार्ड आणि डिस्क काढून तिच्यात बसवता येईल. कार्ड तिथंही तसंच चालेल, त्याला पेटी कुणाची याच्याशी देणंघेणं नाही. डिस्कचं मी सांगू शकत नाही. तीस वर्षांची आहे.

काकूंना माझा निरोप सांग, आणि अक्का ऐकेल असा मोठ्यानं सांग. रडण्याचा अर्थ हो असा धरू नका. तुम्ही तिला तीन दारं दाखवलीत, तिनं तिन्ही नको म्हटलं. तिचं चौथं काही असेल. ते तुम्ही विचारलेलंच नाही, आणि मीही नाही. ते सांगायला तिला अक्षरं लागतात.

तिला म्हणावं, मी येईपर्यंत चार घास खा.

रत्नपाल

*

दुबलगुंडी
२० जानेवारी २०२३

रत्नपालअण्णा,
जय भीम.

हे पत्र लिहायला मला बरेच दिवस लागले. दुपारी थोडं, सकाळी थोडं. मायला त्रास व्हायला लागला की थांबते.

तुम्ही आलात त्या दिवसाचं मी माझ्या बाजूनं सांगते. तुम्ही पेटीकडं बघत होतात, मी सगळ्यांकडं.

अप्पा असताना तुम्हाला ओसरीच्या आत घेत नव्हते. म्हणून मशीन ओसरीवर बसलं, आणि त्याच्यामागं माझी खाटही बाहेर आली. त्यामुळं मला रस्ता मिळाला, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं. अप्पांना मी त्यासाठी कधी माफ केलं नाही आणि रस्त्यासाठी आभारही मानले नाहीत. त्या दिवशी तुम्ही सवयीनं ओसरीवरच पेटी उतरवायला लागलात. माय आतून ओरडली, "रत्नपाल, बाबा, आत आण ते. माझ्या उशाशी मांड." तिच्यात एवढा आवाज उरलाय हे मला माहीत नव्हतं. तुम्ही काठी टेकत उंबरा ओलांडलात. धनराजनं पेटी उचलली. तुमच्या डोळ्यांकडं मी बघितलं नाही.

तुम्ही जुन्या पेटीचं झाकण काढलंत. पाट हिरवा-काळा झाला होता, मासळीसारखा वास सुटला. कार्ड मात्र स्वच्छ होतं. मी ते पहिल्यांदाच पाहिलं. इतकी वर्षं माझं सगळं बोलणं त्यातून गेलं, आणि ते राजश्रीच्या तळहातावर मावलं. तुम्ही ते शिवशंकरप्पांच्या पेटीत दाबून बसवलंत. पेटीवर कुंकवाचा डाग होता. पडदा उजळला. पण डिस्क फिरेना. तुम्ही ती वायरीसकट बाहेर काढली, दोन्ही हातांत धरून उबदार केलीत, हळूच हलवलीत, कानाशी नेलीत. मग आठवलं की तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ती धनराजच्या कानाशी धरलीत. तो म्हणाला, "काय न्हाई." परत. "काय न्हाई." मग तो नुसती मान हलवायला लागला, आणि रडायला लागला. डिस्क फिरत होती.

उजेड सरकायला लागल्यावर तुम्ही बटण माझ्या अंगठ्याखाली ठेवलंत आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसलात. दुसऱ्या दिवशीही तुम्ही काही विचारलं नाही, पुण्याला गेलात. पुढचं तुम्हाला माहीत नाही.

मी आधी लिहिलं, माय, मला मरायचं नाही.

माय कुशीवर वळली होती. एकेक अक्षर उमटेल तसं मोठ्यानं वाचत होती, पूर्वीसारखं. "म. मा. माय." मरायचं म्हटल्यावर तिनं तोंडावर पदर घेतला. राजश्री सासूला म्हणाली, "आत्या, थांबा, पुढं हाय आणखी." तिनं पदर काढला. नाही हा शब्द तिनं दोनदा वाचला.

मग विचारलं, "मंग कुटं राहणार गं तू?"

मी क लिहिला. ल लिहिला. धनराज मागून म्हणाला, "बघ, कळ!" राजश्रीनं त्याला गप केलं. मी पुढं लिहीत गेले. कलबुर्गी. निलम्मा टीचर. शाळा.

निलम्मा दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हाच त्यांनी मला तिथं राहायला बोलावलं होतं. त्यांच्या मुलांना लिहायला कसं शिकवायचं हे त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे. माय तेव्हा हसून म्हणाली होती, माझी लेक मला सोडून कुटं जाणार न्हाई. मी काही लिहिलं नाही. मागच्या सप्टेंबरात त्या परत आल्या, तेव्हाही नाही.

माय म्हणाली, "तितं कोण हाय तुझं?"

मी लिहिलं, काम आहे.

"काम," माय म्हणाली. तो शब्द माझ्यासाठी या घरात कुणी वापरला नव्हता. मग ती म्हणाली, "आधी कामून न्हाई सांगितलंस?"

मी लिहिलं, तू एकटी पडली असतीस.

अण्णा, ती हसली की रडली मला सांगता येणार नाही. म्हणाली, "मी म्हणायले, मी हिला धरून बसले. आन् तूच मला धरून बसली हुतीस व्हय गं?"

त्या संध्याकाळी तिनं गोळ्या घेतल्या. मी पेज घेतली.

निलम्मा टीचर आता दर रविवारी येतात. माय उशीला टेकून त्यांना शिकवते. हनुवटीला हात कुठं लावायचा, भाकर दुधात किती मऊ करायची, मला ठसका लागला तर घाबरायचं नाही. निलम्मांना मराठी तुटकं येतं, मायला कन्नड तुटकं. परवा माय त्यांच्यावर रागावली, "असं न्हाई गं, मान धर आधी!" निलम्मांनी मुकाट्यानं मान धरली.

तुमची,
रेणुका

*

पुणे
१८ फेब्रुवारी २०२३

रेणुका,

काकू गेल्याचं धनराजनं कळवलं. सूनबाईनं मला लिहून दाखवलं.

तुला काय लिहू? तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. शेवटचे दिवस तुम्ही दोघी बोलत होतात एवढंच मनात धरून बसलोय. माझी आई गेली तेव्हा काकू आमच्या घरी आल्या होत्या, आईच्या फोटोसमोर बसून म्हणाल्या होत्या, "भागाबाई, तुझ्या पोरानं माझ्या पोरीला तोंड दिलं." मी तेव्हा तरुण होतो, मला ते वाक्य मोठं वाटलं नव्हतं.

'कल'चा मी लावलेला अर्थ वाचून तू मनात हसली असशील. मला वाटत होतं तुला ओसरी हवी असणार, कायमची. पस्तीस वर्षं तुझी पत्रं वाचूनही मी तुला खाटेवरच बसवलं होतं.

कामाचं सांगतो. तिथून निघण्याआधी डिस्कवरून प्रोग्रॅमची प्रत मी घेतली होती. लॅपटॉपच्या आत जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल चालवता येते, तिच्यात तो चालला. बटणासाठी मी छोटी जोडणी केलीय. तू पेटीवरच लिही, तुझा हात, म्हणजे तुझा पाय, तिथं बसलाय. शाळेतल्या मुलांसाठी लॅपटॉप. प्रत्येकाचा झटका वेगळा असणार. ते आकडे शोधायचं काम तुझं. आणि कन्नड अक्षरांचा तक्ता मी काढतोय, शिवशंकरप्पा तपासून देतायत. ऱ्हस्व-दीर्घावरून आमची रोज भांडणं होतात.

जय भीम.

तुझा,
रत्नपाल

*

कलबुर्गी
१२ जुलै २०२३

रत्नपालअण्णा,
जय भीम.

मी इथं येऊन महिना झाला. धनराज आणि राजश्री सोडायला आले होते. धनराज सगळ्यांना सांगत होता, पेटीला हात लावू नका, आत कार्ड हाय. राजश्री निघताना मला म्हणाली, "हुमनाबादला तुमची खाट तशीच राहील, सणाला यायचं." मी हो म्हटलं. ते खरं हो होतं.

मायची आठवण सकाळी जास्त येते. उठल्यावर मी एक आवाज काढते, तो फक्त तिला कळायचा. मला कूस बदलून दे, असा त्याचा अर्थ. इथं तो आवाज ऐकून सगळ्या धावत येतात आणि काय झालं, काय झालं विचारतात. निलम्मांना आता कळायला लागलाय. बाकीच्यांना कळेल. पहिले काही दिवस मी तो काढलाच नाही.

मुलं नऊ आहेत. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सगळी पडद्यासमोर गोळा झाली. कुणाची मान एकीकडं, कुणाची दुसरीकडं. ती मला बघत होती की अक्षरांना, कळलं नाही. एकानं लाळ गाळत माझ्या पायाला हात लावून बघितला.

आळंदकडची एक मुलगी आहे, महादेवी. अकरा वर्षांची. तिचा डावा कोपर तेवढा ऐकतो. तुमचा लॅपटॉप आणि कन्नड तक्ता घेऊन मी तिच्याबरोबर बसते. तिचा झटका लहान आणि पटकन येणारा आहे, माझ्यासारखा नाही. मी आकडा वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. ती चिडली की डोळे मिटून घेते. मी पण पूर्वी तसंच करायचे. तुम्ही तेव्हा काय करायचात ते आठवलं. काहीच करत नव्हतात. बसून राहायचात. मीही बसून राहिले.

तिची आई दर आठवड्याला एसटीनं येते, येताना डब्यात उप्पीट आणते. महादेवीला उप्पीट लई आवडतं असं ती सगळ्यांना सांगते. आज ती आली तेव्हा महादेवी तक्त्यासमोरच होती. आईनं डबा उघडला, पहिला घास पुढं केला. महादेवीनं तोंड फिरवलं आणि कोपर दाबला. उजेड थांबला. परत दाबला. दोनच अक्षरं. कन्नडात तिनं लिहिलं, ब्याड. नको.

तिची आई वाचता येणारी आहे. तिनं वाचलं. आधी तिला वाटलं मशीन चुकलं. निलम्मांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. निलम्मा म्हणाल्या, मशीन चुकलेलं नाही. मग ती बाई हातातल्या घासाकडं बघत राहिली. किती वर्षं ती हे उप्पीट करत असेल कोण जाणे. मला वाटलं आता रडेल. पण तिनं घास डब्यात ठेवला, झाकण लावलं, खुर्ची ओढून लेकीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मग काय पाहिजे गं तुला?"

महादेवीनं कोपर उचलला. उजेड पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेला, दुसरीवरून तिसरीवर. ती अजून लिहितेय, अण्णा. आम्ही सगळ्या थांबलोय.

तुमची,
रेणुका